फलकावरचं ‘धारोष्ण’

प्रश्न थोडक्यात असा. दहिसरच्या एका गल्लीत दुधाच्या दुकानावर नवा फलक लागलाय : ‘धारोष्ण दूध मिळेल. सकाळी ७ ते ९.’ आठवीतल्या मुलीने अर्थ विचारला. आई म्हणाली, ताजं. कऱ्हाडहून आलेले सासरे म्हणाले, ताजं कसलं, निरसं. नवऱ्याने मोबाइल बघून ‘गरम’ असा तिसराच निकाल दिला. आता त्या आईने मला विचारलंय : बरोबर कोण, शब्द आला कुठून, आणि दुधाखेरीज दुसऱ्या कशाला तो लावता येतो का?

बत्तीस वर्षं मी मुद्रितशोधन आणि भाषांतर करते. त्यातली बरीचशी जाहिरातींच्या मजकुरात गेली, त्यामुळे दुधाच्या पिशव्यांवरची विशेषणं हा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा भाग आहे. माझं उत्तर : तिघांनाही थोडे थोडे गुण, पैकीच्या पैकी कुणालाच नाहीत.

धारोष्ण म्हणजे नुकतंच धार काढलेलं, जनावराच्या अंगची ऊब ज्यात अजून आहे असं दूध. यात दोन अटी आहेत आणि दोन्ही एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. दूध थेट धारेचं हवं आणि ते अजून ऊन हवं. ऊन आहे पण चुलीवर केलंय, तर ते तापवलेलं. धारेचं आहे पण गार झालंय, तर ते निरसं. म्हणजे सासऱ्यांचं निरसं आणि फलकावरचं धारोष्ण ही एकाच दुधाची नावं असू शकतात, मध्ये फक्त अर्धा-पाऊण तास जातो. प्रत्येक धारोष्ण दूध निरसं असतंच. प्रत्येक निरसं दूध धारोष्ण नसतं.

व्युत्पत्ती सरळ आहे. धारा अधिक उष्ण. आ आणि उ एकत्र आले की ओ होतो, जसा महा आणि उत्सव यांचा महोत्सव. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, तत्सम. पण गंमत अशी की त्याचे दोन्ही तुकडे मराठीत वेगळ्या वाटेनेही पोचलेत, आणि घासून घासून घरगुती झालेत. धाराची झाली धार. मराठी माणूस गाय ‘दोहत’ नाही, तो धार काढतो. उष्णचं प्राकृतात उण्ह झालं आणि मराठीत ऊन : ऊन पाणी, ऊन ऊन भात. त्यामुळे गोठ्यातली बाई ‘धारेचं ऊन दूध’ म्हणते तेव्हा ती धारोष्णच म्हणत असते. फक्त तिचे दोन्ही शब्द हजारभर वर्षं वापरात राहिलेत आणि आपला कोशातून काढून फलकावर लावलाय.

नवऱ्याच्या ‘गरम’ला गुण का कापले तेही सांगते. म्हशीच्या अंगाचं तापमान साधारण ३८ अंश सेल्सिअस, गाईचं थोडंसं जास्त. आपलं ३७. म्हणजे धारोष्ण दुधाचा पेला हातात घेतला तर चटका बसत नाही, वाफ येत नाही. हाताला जेमतेम आपल्याहून ऊन लागतं. चहावाला ‘गरम दूध’ म्हणतो ते याच्या दुप्पट तापलेलं असतं. संस्कृतात अशा सौम्य उष्णतेला कोष्ण आणि कवोष्ण असे शब्द आहेत, आपल्याकडे कोमट आहे. पण ते कुठल्याही पाण्याला लागतात. धारोष्णमध्ये ऊब कुठून आली तेही सांगितलेलं असतं.

हे मला शब्दकोशाने शिकवलं नाही. जोगेश्वरीला आमच्या चाळीमागे तबेला होता. पहाटे आजी मला अॅल्युमिनियमची किटली देऊन पाठवायची. म्हैस एकदम दूध देत नाही. आधी पारडू सोडायचे, ते कासेला दोनचार ढुसण्या द्यायचं, मग पान्हा फुटायचा. (हा पान्हाही संस्कृत प्रस्नवचा नातू.) पारडाला बाजूला बांधायचे, कास धुवायचे, पहिल्या दोनतीन चिळकांड्या खालीच सोडायचे. त्यानंतरची धार बादलीत. बादली रिकामी असते तोवर धारेचा आवाज टणटणीत, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा. तळाला दूध साचलं की तो जाड होतो, आणि फेस चढला की नुसता सुर्र सुर्र. डोळे मिटूनही बादली किती भरली ते कळायचं. माप घालून किटली भरली की बाहेरून ती ऊन लागायची. मी ती स्वेटरला लावून चालायचे. घरी पोचेपर्यंत फेस बसलेला असायचा, आणि किटलीची ऊब दुधाची की माझ्याच पोटाची ते सांगता यायचं नाही. धारोष्णचं आयुष्य तेवढंच : तबेल्याच्या फाटकापासून आमच्या जिन्यापर्यंत. आजी तर त्याला धारोष्ण म्हणायचीही नाही. किटली हातात घेऊन झाकण उघडायची, म्हणायची, “निरसं आहे गं, आधी तापवू दे,” आणि स्टोव्ह पेटवायची.

आता निरसंकडे येते, कारण माझा खरा जीव या शब्दात आहे. निरसं म्हणजे न तापवलेलं. भात निरसा नसतो, भाजी निरशी नसते. हे विशेषण मराठीने दुधासाठी जवळजवळ राखूनच ठेवलंय. संस्कृतातही असाच एक शब्द आहे, शृत म्हणजे शिजवलेलं. पाणिनीने त्याच्यासाठी वेगळं सूत्रच घातलंय, आणि त्यावरचे टीकाकार सांगतात की हे रूप फक्त दूध आणि हविष्य (यज्ञात अर्पण करायचं अन्न) यांनाच लावायचं. कण्हेरीला, म्हणजे पेजेला, लावायचं नाही, तिला श्राणा. शिजण्याचा शब्दसुद्धा दुधासाठी निराळा! आपल्याकडे दह्याचंही तसंच आहे. नीट न विरजलेल्या दह्याला अदमुरं म्हणतात, आणि ते विशेषण दही-ताकाच्या पलीकडे फारसं कुठे जात नाही.

व्याकरणात दोघांची चाल वेगळी. निरसा विकारी आहे : निरसं दूध, निरशा दुधात, निरशा दुधाचा. धारोष्ण बदलत नाही : धारोष्ण दूध, धारोष्ण दुधाने. आणि त्याला कमी-जास्त असं काही नसतं. ‘अधिक धारोष्ण’, ‘अत्यंत धारोष्ण’ असं कुणी लिहिलं की मी ‘अत्यंत’ खोडते. बाई गर्भार असते किंवा नसते, तसंच हे.

एक कबुलीही देऊन टाकते. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका अंकात खरवसाची कृती होती : एक वाटी चिकाला अमुक वाट्या ‘निरसे दूध’. मी शहरी शहाणी. मला वाटलं, रसहीन या अर्थाचा नीरस हा तत्सम शब्द दीर्घ ‘नी’ने लिहितात, जुळाऱ्याने चूक केली. मी ऐटीत ‘नीरस दूध’ केलं आणि अंक छापून गेला. कृती पाठवणाऱ्या आजींचा फोन संपादकांना आला, त्यांनी तो माझ्या हातात दिला. आजी शांतपणे म्हणाल्या, “बाळ, आमच्या म्हशीच्या दुधाला आजवर कुणी नीरस म्हणालं नव्हतं.” तेव्हापासून ऱ्हस्व ‘नि’वर माझा हात जड पडतो.

आयुर्वेदाचे दाखले फलक लावणारे हमखास देतात, म्हणून ते तपासून घेऊ. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दुधाबद्दल ओळ आहे : ‘भवेद्गरीयोऽतिशृतं धारोष्णममृतोपमम्’. अति आटवलेलं दूध पचायला जड, धारोष्ण अमृतासारखं. हा चरण सगळ्यांना पाठ असतो. पण याच श्लोकाच्या आधीच्या ओळीत न तापवलेलं, म्हणजे ‘आम’, दूध जड आणि शरीरातले मार्ग चोंदवणारं म्हटलंय, ती ओळ कुणी सांगत नाही. मी वर म्हटलं तेच इथे दिसतं. ग्रंथकाराच्या लेखी धारोष्ण आणि गार निरसं या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकीचे गुण दुसरीच्या खात्यावर जमा होत नाहीत.

भावप्रकाश हा आयुर्वेदाचाच दुसरा ग्रंथ तर मुंबईकरांची पंचाईतच करतो. ‘धारोष्णं शस्यते गव्यं धाराशीतं तु माहिषम्’. धारोष्ण चांगलं ते गाईचं. म्हशीचं मात्र धार काढून गार झालेलं, धाराशीत. आणि मुंबईचे तबेले म्हणजे बहुतेक म्हशींचेच! दहिसरच्या दुकानदाराने ग्रंथाचा आधार घ्यायचाच म्हटलं तर म्हशीचं दूध गार करूनच विकावं लागेल. त्याच श्लोकात पुढे मेंढीचं दूध शृतोष्ण, म्हणजे तापवून ऊन असतानाच, आणि बकरीचं शृतशीत घ्यावं असं आहे. शृतशीत म्हणजे तापवून गार केलेलं. आपल्या दारात रोज पडणारी पिशवी म्हणजे दुसरं काय असतं? कोल्हापूर-सांगलीकडून किंवा गुजरातेतून टँकरने आलेलं दूध ७२ अंशांना १५ सेकंद तापवायचं (किंवा जुन्या पद्धतीने ६३ अंशांना अर्धा तास) आणि लगेच ४ अंशांच्या आसपास आणायचं. पाश्चराइज्डला मराठी शब्द नाही म्हणून भाषांतरकार हळहळतात. शृतशीत तयार पडलाय. अर्थात मी तो पिशवीवर सुचवला तर पुढचं काम मिळणार नाही हेही मला ठाऊक आहे.

एक गोष्ट शब्दाच्या बाहेरची, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रंथात अमृतोपम आहे म्हणून मुलीला निरसं दूध प्यायला देऊ नका. निरशा दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा एक ताप) आणि जनावरांचा क्षय माणसाला होऊ शकतो. अंगच्या उबेवरचं दूध जंतूंनाही तितकंच मानवतं, आणि मुंबईच्या मे महिन्यात ते आपोआप गार होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. तबेल्याशेजारी राहूनही आजी आधी स्टोव्ह पेटवायची, ते उगाच नव्हे.

आता ‘ताजं’. हा शब्द फारसीतला, आणि फार सोयीचा, कारण तो सापेक्ष आहे. सकाळची पिशवी संध्याकाळच्या पिशवीपुढे ताजी असते. दहाबारा वर्षांपूर्वी एका दूध कंपनीच्या पिशवीचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला. मोठ्या अक्षरांत ‘धारोष्ण’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘पाश्चराइज्ड टोन्ड दूध’. मी पेन्सिलीने दोन्हींखाली रेघ मारून समासात लिहिलं, ‘यातलं एकच ठेवा.’ जाहिरात संस्थेतल्या मुलाचा फोन आला. “मॅडम, धारोष्ण ऐकायला कसं प्युअर वाटतं.” मी म्हटलं, वाटतं खरं, पण ऊब आहे का त्यात? मुलगा जरा थांबला. मग म्हणाला, “फ्रीजमधून काढून गरम केल्यावर असते ना!” हसावं की रडावं कळेना. शेवटी पिशवीवर ‘ताजे’ छापलं गेलं, आणि त्याला मी हरकत घेतली नाही.

पण त्या मुलाचा कान चुकीचा नव्हता. धारोष्ण हा शब्द आता शहरात बहुतेकांनी फक्त ऐकलाय, अनुभवलेला नाही. असं झालं की शब्दाचा अर्थ पातळ होतो आणि वास तेवढा उरतो : गाव, पहाट, शुद्धता. १९४९ साली गोरेगावात आरे दुग्ध वसाहत उभी राहिली ती शहरातल्या दाटीवाटीतले गोठे एका जागी नेण्यासाठी. दारा खुरोडी तेव्हाचे दुग्ध आयुक्त. टोन्ड दुधाची कल्पनाही त्यांच्याच नावावर सांगितली जाते. गोठा घरापासून लांब गेला तशी मुंबईच्या बोलीत दुधाची नवी विशेषणं आली, आणि ती सगळी भांड्यावरून किंवा जागेवरून : बाटलीचं, आरेचं, पिशवीचं, सुटं, तबेल्याचं. जनावराच्या जवळचे शब्द मागे पडले. निरसंच्या जागी आता सर्रास ‘कच्चं दूध’ ऐकू येतं, महादेवाच्या अभिषेकालासुद्धा. ते हिंदीच्या शेजारामुळे. चूक म्हणणार नाही, पण कैरी कच्ची आणि दूध निरसं हा भेद ज्याला करता येतो त्याच्याकडे एक शब्द जास्त आहे.

दुधाच्या विशेषणांची बाकीची भावंडं झटपट सांगते, कारण मुलीला शाळेत ती लागतील. दुभती म्हणजे सध्या दूध देणारी. तिच्या लाथाही गोड. दुह् धातूचं प्राकृतात दुब्भ झालं, त्याचं हे दुभणं. उलट भाकड. दुधाळ म्हणजे भरपूर दूध देणारी, किंवा दुधासारखा रंग असलेला : दुधाळ चांदणं. सरकारी योजनांच्या कागदात मात्र दुभत्याची जागा दुधाळनेच घेतलीय, ‘दुधाळ जनावरांचे वाटप’. दूधखुळा म्हणजे भोळा. आणि मूळ दूध हा शब्दच एके काळी विशेषण होता. दुग्ध म्हणजे दोहून काढलेलं. नाम गळून पडलं, विशेषणच नाम झालं.

दुधाखेरीज धारोष्ण वापरता येतं का? लाक्षणिक अर्थाने येतं, आणि छान येतं, पण तिथेही त्या दोन अटी सोडू नयेत. घटनास्थळावरून थेट, कुणाच्या हातातून न जाता, अजून धग असताना पोचलेली बातमी धारोष्ण. पुरात अडकलेल्या माणसाने त्याच रात्री लिहिलेलं टिपण धारोष्ण. तेच टिपण वर्षाने घासूनपुसून अंकात दिलं, तर ते आटीव म्हणा. चांगलं असेल, पण धारोष्ण नाही. धारोष्ण वडापाव, धारोष्ण चहा हे मात्र विनोदापुरतंच. वडा कढईतून येतो, कढईला धार नसते. नीरेला लावावं का असं एकदा कुणी विचारलं होतं. ती झाडावरून थेट येते हे खरं, पण उतरवतात पहाटे, गारठ्यात. अर्धी अट बसते, अर्धी नाही.

लिहिताना ष्ण जोडाक्षर उष्ण, कृष्णसारखंच. ‘धारोश्ण’, ‘धारोष्न’ आणि ‘धारउष्ण’ अशी तीन रूपं मी मुंबईच्या फलकांवर पाहिली आहेत. तिसऱ्यात निदान रंगाऱ्याला व्युत्पत्ती ठाऊक होती म्हणायची.

तुमच्या दुकानाचं उत्तर तुम्ही स्वतःच काढू शकता. सकाळी सातला जा आणि पातेल्याला बाहेरून हात लावा. दहिसरला मागच्या बाजूला खरोखरच तबेला असेल, दूध तिथून हातोहात येत असेल, तर सात वाजून दहा मिनिटांपर्यंत फलक खरा आहे. नऊपर्यंत तो खरा राहायला म्हशीला दुकानातच बांधावं लागेल. दूध शीतपेटीतून निघत असेल, तर सासरे जिंकले. अशा वेळी दुकानदाराला भांडू नका, नवा फलक सुचवा : ‘तबेल्याचं निरसं दूध मिळेल. तापवून प्यावे.’ रंगाऱ्याला तेवढं सांगा, ‘नि’ पहिली.